सहा ढेपांचा नवस

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार

घोटाळा झाला! मोंढ्यात हरभऱ्याची पोती मोजून झाली अन् गंमत म्हणून स्वतःच काट्यावर उभा राहिलो. सहासष्ट किलो! जिंतूरच्या मोंढ्यात इतकी वर्षं मापाडी आहे, पोतं नुसतं बघून वजन सांगतो. अन् स्वतःला साठ धरून बसलो होतो.

गेल्या वर्षी मला कावीळ झाली, तेव्हा बायको राजेश्री गावच्या महादेवाला नवस बोलली — यांच्या वजनाइतका गूळ वाहीन. शेवटच्या सोमवारी देवळात तुला, एका पारड्यात मी अन् दुसऱ्यात गूळ. दहा-दहा किलोच्या सहा ढेपा मीच सांगितल्या. त्या देवळात पोचल्या, हळदकुंकू लागलं. एकदा कुंकू लागलं की भर घालायची नाही, ही गावची रीत. गुळाचं पारडं वरच राहिलं तर नवस फिटत नाही. अन् फिटला नाही अन् कावीळ उलटली तर?

हात जोडून ठरवलं — सोमवार, शनिवार, एकादशी, सगळे उपवास धरायचे. सहा किलो उतरवायचे.

२ ऑगस्ट, शनिवार

कडक उपवास. घरातल्या डब्यात पाकिटं आहेत — बटाट्याच्या खाऱ्या सळ्या, गोड चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या. वर छापलंय, ‘उपवासाला चालते’. छापलंय म्हणजे चालतच असेल. चार पाकिटं खाल्ली. भूक तशीच.

५ ऑगस्ट, एकादशी

अडुसष्ट. काटा बिघडलाय.

६ ऑगस्ट

काटा बिघडलेला नाही. परमेश्वर हमालाला उभं करून बघितलं. तो म्हणाला, “मामा, काट्याला कशाला शिव्या देता? तुमी उपवास करायलाव का उपवासाचं दुकान चालवायलाव?”

लेकीचा फोन आला. प्रियांका परभणीत नर्सिंग शिकते. “बाबा, ह्याला उपवास न्हाई म्हणत, जत्रा म्हणत्यात! ते कारखान्यातलं खाणं तसंच बनवलेलं असतं. पोट भरलं हे कळायच्या आत हात पुन्हा पाकिटात.”

शिकवलं कुणी हिला? मीच!

९ ऑगस्ट, शनिवार

देवासमोर बसून विचार केला. ज्वारीची भाकरी चावता चावता जबडा दमतो. दीड झाली की पोटच सांगतं, बास. पाकिटातलं तोंडात विरघळतं. पोटाला पत्ताच लागत नाही, कोण आलं अन् कोण गेलं. वर भूक आणखी ताजी!

अन् डबा! मी रिकामा करतो, सकाळी पुन्हा भरलेला. महादेव परीक्षा बघतोय. नापास होताना चव मात्र छान लागते.

१२ ऑगस्ट

उलगडा झाला. वजन उतरवायचं तर उपवास सोडायला हवेत! दोन्ही वेळ भाकरी-भाजी. देवा, माफ कर.

१५ ऑगस्ट

सदुसष्ट. डब्याकडे पाठ करून जेवतो. राजेश्री सारखी विचारते, “आवं, डब्यातलं खाईनात का? बरं न्हाई का?” तोंड उतरलंय तिचं.

१८ ऑगस्ट, शेवटचा सोमवार

काल केस बारीक कापले. सकाळी करदोडासुद्धा काढून ठेवला. पातळ धोतर नेसून पारड्यात बसलो.

व्यंकटराव पुजारी एकेक ढेप ठेवत गेले. सहावी ठेवली. मी खालीच! परमेश्वर ओरडला, “मामा, श्वास सोडा!” सोडला. काही हललं नाही. डोळे मिटून महादेवाची माफी मागितली.

तेवढ्यात पुजाऱ्यांनी कोपऱ्यातलं कापड सरकवलं. मागं आणखी दोन ढेपा! त्यांनाही पहिल्या दिवसाचंच हळदकुंकू. सातवी ठेवली अन् मी झुलत वर गेलो. आठवी तर उरली.

कुणी आणल्या? राजेश्री नंदीकडे बघत बसली.

१९ ऑगस्ट

सकाळी पुन्हा विचारलं. ती भाकरी थापत होती.

“काविळीत तुमी वरणाच्या वासालाबी तोंड फिरवायचे. नुसतं बरं व्हावं म्हणून न्हवते बोलले मी. ‘यांना भूक लागू दे, जेवढे भरतील तेवढा गूळ वाहीन,’ असं बोलले होते. डबाबी मीच भरायची.”

मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “देवानं माझं ऐकलं. आता तुमी ऐका — डबा पुरे. भाकर खावा.”

दोन खाल्ल्या.