आईचे पाच हजार पाहुणे

प्रिय तिलेक,

गेले काही दिवस मी तुझा फोन उचलत नाही. फोनवर तू हसतोस, 'एजे, चिडू नकोस ना' म्हणतोस, आणि मी तुझी एजे, तुझी मोठी बहीण आहे हे विसरून तुझ्याबरोबर हसायला लागते. कागदावर तुझं हसू ऐकू येत नाही, ते बरं आहे. मला तुझी किळस आली आहे. हा शब्द मी लिहून खोडला, आणि पुन्हा लिहिला.

इकडे थंडी सुरू झाली. आईचे गुडघे दुखतात, पण ती कुणाला सांगत नाही. तू उन्हाळ्यात आला होतास तेव्हा ज्या खिडकीपाशी बसला होतास, तिथेच ती बसते. त्या दिवशी नानवर साय लावून खात खात तू तिची वेबसाइट उभी केलीस. तिच्या शिरडकांचे, तिने शिवलेल्या नक्षीदार गालिच्यांचे, फोटो काढलेस. अंगणात ओली लोकर दाबून केलेला नमदा वाळत होता, त्याचाही काढलास. मग तिच्या फोनवर एक पान उघडून दिलंस. 'आई, हे अ‍ॅनालिटिक्स. तुझं काम बघायला कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, सगळं इथे दिसेल.' आईने विचारलं, 'आणि त्यांना मी दिसते का?' तू नाही म्हणालास. तरी ती उठली आणि डोक्याचा रुमाल बदलून आली. आपण दोघं तेव्हा केवढे हसलो.

पहिल्या आठवड्यात सात माणसं आली. आईने जवळजवळ सगळी ओळखली. नारीन गावची मावशी, तू, मी, आणि हाइके, मागच्या वर्षी आपल्याकडे राहून गेलेली जर्मन बाई. हाइके बराच वेळ थांबली होती. आई त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, 'एवढ्या वेळात तिने चहा घेतला असता, वर पुन्हा मागितला असता.' तिचं समाधान झालं होतं. सात माणसं म्हणजे तिच्या लेखी भरलेलं घर. तुझं समाधान झालं नाही. 'सातच? एजे, सात माणसं तर आपल्या कोचकोरच्या बसथांब्यावर उभी असतात,' असं तू मला फोनवर म्हणालास.

आणि थोड्याच दिवसांत आकडा पाच हजारांवर गेला. आईने शेजारच्या बुरुलला हाक मारली, बुरुलने सगळ्या गल्लीला. 'सायरा, पाच हजार पाहुणे! कापायला मेंढ्या पुरतील का गं?' आई लाजली. त्या आठवड्यात दोघी शिवायला बसल्या की गात होत्या. पुढच्या आठवड्यात तेवढीच माणसं आली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. विकलं काहीच गेलं नाही. मग बुरुलच म्हणाली, 'पाच हजारांतल्या एकालाही पसंत पडलं नाही होय? आमच्या थोरलीलासुद्धा एवढे नकार आले नव्हते.' ती थट्टेनेच म्हणाली, पण आई हसली नाही. संध्याकाळी तिने फोन माझ्यापुढे धरला. 'अनीपा, ही माणसं किती वेळ थांबतात ते वाच.' मी वाचलं. एक सेकंद. 'सगळीच?' सगळीच.

आपल्या दारात आलेला माणूस कितीही घाईत असला तरी उभ्या उभ्या नानचा तुकडा मोडून तोंडात टाकतो आणि मगच जातो. पत्ता विचारायला आलेलासुद्धा, विजेचा मीटर बघायला आलेलासुद्धा. नानला हात न लावता कोण जातं? ज्याला त्या घराची शिसारी आली तो. तिलेक, आईच्या दारात दर आठवड्याला हजारो माणसं आली, दार ढकलून आत तोंड घातलं, आणि नानला हात न लावता निघून गेली. तिला ते तसंच दिसलं. ती कुणावर चिडली नाही. 'माझ्याच घरात काहीतरी आहे,' एवढं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते काहीतरी शोधायला लागली.

आधी तिला वाटलं, रंग. बाजारातून चिनी नमदा आणला, गुलाबी आणि पोपटी, हात लावला की प्लॅस्टिकसारखा. मग वाटलं, टाके फार दिसतात. म्हणून गोंदाने चिकटवायला लागली. बदामाच्या आकाराच्या उशा, त्यांना चमकीची किनार. घरभर त्या गोंदाचा वास आहे. जेवणालाही तोच वास येतो. मी ताट पुढे घेते आणि तसंच बाजूला सारते. मग वाटलं, मोठं काही कुणाला नकोच असेल. दोन हिवाळे ती जे शिरडक शिवत होती, काळ्या मेंढीच्या लोकरीचं, शिंगांच्या नक्षीचं, ते तिने कापलं. मी शाळेतून आले तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि कात्री चालू होती. त्याच्या मोबाइल ठेवायच्या पिशव्या होणार होत्या. नक्षी कापताना ती कधी पट्टी वापरत नसे, नजरेने कापायची. त्या दिवशी पट्टी घेऊन चौकोन आखले होते.

नेमकं तेच शिरडक हाइकेला हवं होतं. तिचा निरोप त्याच आठवड्यात आला होता. पूर्ण होईल तेव्हा द्या, घाई नाही, असा. आईने मला नकार कळवायला लावलं. 'पाच हजारांना नको, आणि हिलाच कसं हवं? कीव करते आहे बाई.' बुरुललाही तिने सांगितलं, उद्यापासून शिवायला येऊ नकोस. बुरुल दारात उभी राहून म्हणाली, 'मेले, माझ्या जिभेला हाड नाही हे काय तुला आज कळलं?' आईने तिला नान दिला आणि दार लावून घेतलं.

तुझ्या कामातलं मला कळत नाही. मी भूगोल शिकवते, मला नकाशा कळतो. आईच्या फोनवर पाहुण्यांचा नकाशा होता. सगळे एकाच लांबच्या शहरातले, सगळ्यांचा फोन एकाच जातीचा, आणि सगळे एकाच मिनिटाला आलेले. एका शहरातली हजारो माणसं एका मिनिटात कोचकोरचा नमदा बघायला बसत नाहीत. मी तुला विचारलं, आणि तू लपवलंही नाहीस. 'अगं, विकत मिळतात. एका जेवणाच्या पैशात हजारो. माणसं नाहीतच ती, यंत्रं आहेत. सगळेच करतात.' आणि मग म्हणालास की बिश्केकच्या दुकानदारांना तू आईची साइट दाखवतोस. बघा, खेड्यातल्या बाईच्या दारात मी किती माणसं आणली. त्यावर तुला कामं मिळाली. 'आईचं काय बिघडलं त्यात?' हे तू विचारलंस तेव्हा मागे चमच्यांचा आवाज येत होता. तू जेवत होतास. मला त्या आवाजाचीसुद्धा घाण वाटली.

मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग हातातली कात्री खाली ठेवली. 'माझं मन राखायला भावाला खोटा ठरवतेस? माझा तिलेक आईच्या दारात खोटी माणसं उभी करेल? जा, तोंड धुऊन ये.' मी तिला नकाशा दाखवला, तिने फोन उपडा ठेवला. पुन्हा सांगायला गेले तर माझ्याशी बोलेना. शनिवारी ती आपल्या काळ्या मेंढ्या बाजारात विकायला नेणार आहे. बुरुलच्या नवऱ्याची गाडी ठरली आहे. त्या गेल्या की घरात लोकर यायची नाही, आणि या वयात ती नव्याने कळप उभा करणार नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं. आज दुपारी आई स्वतः कागद आणि पेन घेऊन माझ्यापुढे बसली. 'तिलेकला लिही. मला त्याच्याशी बोलवणार नाही.' ती सांगत गेली. तिचे शब्द असे: 'बाळा, तू एवढी माणसं माझ्या दारात आणलीस. माझ्या हातांना ती थांबवता आली नाहीत. माझं नाव तिथून काढून टाक, माझ्यामुळे तुझ्या कामाला बट्टा लागायला नको. आईला माफ कर.' हे पाकीट मी उद्या सकाळी बिश्केकच्या मिनीबसवाल्याकडे देते आहे, दुपारी तुला मिळेल. शनिवारच्या आधी ये. तिच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग. मी तिथे असेन, पण तुला शब्द सुचवणार नाही. आई आत्ता माझ्या शेजारी बसली आहे. तिला हे अक्षर चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि तिने चष्मा मागितलेला नाही. 'माफी नीट लिहिलीस ना?' असं विचारते आहे. मी हो म्हटलं आहे.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
अनीपा एजे