गाडीबाहेर काढलेली चप्पल

हिंडलगा, रविवार संध्याकाळ

सकाळी आप्पांना नव्या गाडीतून संकेश्वरला आत्याकडे नेलं. महागड्या कंपनीची सगळ्यात लहान गाडी, पण पुढचं चिन्ह तेच, बड्या लोकांच्या गाडीवरचं. त्या चिन्हासाठीच घेतली, इथं तरी खोटं कशाला लिहू? देवळात शिरावं तशी आप्पांनी चप्पल अंगणातच काढली आणि गाडीत बसले. आत्याच्या दारात अनवाणी उतरले, तेव्हा मी हसलो.

परतताना त्यांना दरदरून घाम. विचारलं, तर "काय न्हाय रं." घरी उतरल्यावर बोलले, संकेश्वर सोडल्यापासनं छाती आवळत होती.

"मग सांगायचं न्हाय व्हय, आप्पा?"

"बोलाय तोंड उघडलं आन् उलटी झाली असती तर? तुझी गाडी घाण झाली असती."

एवढा वेळ ते शेजारी तोंड दाबून बसलेले, आणि मी सीटचं कौतुक सांगत होतो.

गल्लीतले डॉक्टर बघून गेले. आत्ता ठीक वाटतंय म्हणाले, उद्या मोठ्या दवाखान्यात न्या. वाटतंय म्हणजे काय? दर दोन ओळींनी उठून त्यांचा श्वास बघून येतोय. चप्पल अजून अंगणात, सकाळी काढली तिथंच. उचलायचा धीर होत नाही.

मघाशी डोळे न उघडताच म्हणाले, "उद्या रिक्षानं जाऊया रं."