पोर लय भित्री हाय

१ एप्रिल १९७४, सोमवार. सकाळी.
माजा ल्योक क्रिष्णात मिलिट्रीतनं सुट्टीवर आला हुता, जाताना ही डायरी देऊन गेला. तारखा छापूनच येत्यात, आपुन निस्तं लिवायचं. केवढी सोय! मागली तीन म्हयन्यांची पानं कोरी गेली, त्याची तेवढी हळहळ वाटती.
क्रिष्णात म्हणला, मिलिट्रीत समदं शिट्टीवर चालतं. आजपास्नं आमच्या घरातबी शिस्त. नात अंजना सात वर्साची झाली. तिला मीच घरी शिकवणार. मी दुसरी पास हाय. सून रंगू म्हणती, "आत्याबाई, पोरीला शाळंत घाला." पण वाटंत ओढा, ओढ्यावर चिंच, आन चिंचंवर काय काय असतं म्हणत्यात. पोर लय भित्री. रंगू दिवसभर उसात, घरात आमी दोघीच. तेच बरं हाय.
टाइमटेबल केलं. साखर कारखान्याचा पयला भोंगा, उठायचं. दुसरा भोंगा, पाटी. तिसरा, पाढे. घड्याळाची गरजच न्हाई.

२ एप्रिल.
भोंग्याला उठलो. बाहेर अंधार गुडूप. गोठ्यात जायचं हुतं. अंधारात पोर भिईल म्हणून तिचा हात घट धरला. ती कंदील घेऊन फुडं, मी मागं. म्हणली, "आजी, हात सोड की, बोटं मोडत्यात." भ्यालेली पोरं असंच कायबी बोलत्यात.

५ एप्रिल, शुक्रवार.
आज संसार आटपशीर केला. मान्सं तीन, भांडी पन्नास, कशाला? माणशी एक ताट, एक वाटी, एक तांब्या. बाकीचं समदं रंगूकडनं माळ्यावर टाकून घेतलं. घासायचा वेळ वाचला, तो पोरीला. जीव कसा हलका झाला! माज्या आईला हे सुचलं असतं तर ती अजून दहा वर्सं जगली असती.

७ एप्रिल, रविवार. जेवणं झाल्यावर.
शिराळ्याहून रंगूचा भाऊ नाथाजी आला, संगट चौघं पाव्हणं. रंगू पाण्याला गेल्याली. ताटं माळ्यावर, आन माळ्यावर कायतरी खुडबुडत हुतं. अंजना म्हणली, "मी चढते." तिला चढू दिलं न्हाई, भ्याली असती. मीबी चढले न्हाई, खाली ती एकटी भ्याली असती. पाव्हणं पाळीपाळीनं जेवलं. नाथाजी हसून म्हणला, "आवं मावशी, रेशनच्या दुकानावानी लाइन लावली व्हय?" शिराळ्याची मान्सं. नाग हातात धरत्यात, त्यांस्नी भ्या काय ठावं? पोरीनं आजोळचं कायच उचललं न्हाई.

१५ एप्रिल. दुपारी.
पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली. लगीच दार लावून घेतलं, कडी घातली. मागल्या लढाईत गावातल्या धोंडुबाईच्या घरी अशीच ल्योकाची तार आली. दुपारचीच येळ. बाई दारातच बसली, ती संध्याकाळपातूर उठली न्हाई. असलं पोरीच्या मनावर बसतं. तवा ती चार वर्साची, शिराळ्याला हुती म्हणा. तरी बसतं.
मी देव आठवत बसले, तवर अंजना मागल्या दारानं जाऊन कार्ड घेऊन आली. क्रिष्णातचं. अक्षरं लावून तिनंच वाचलं: खुशाल हाय, थंडी लय हाय. माज्या शिकवणीला फळ आलं! पोरीचं अंग भ्यानं थरथरत हुतं. माज्या मांडीवर बसली हुती, मला समदं कळत हुतं.

२ मे.
भोंगा वाजला न्हाई. गाळप संपलं म्हणं. ऊन अंगावर आलं तवा उठलो. शिस्त कारखान्यानं मोडली, आमी न्हाई. किती सुनं सुनं वाटतं, कान आपसूक वाट बघत्यात. उद्यापास्नं टाइमटेबल शेजारच्या दगडाबाईच्या कोंबड्यावर.

४ मे.
दगडाबाईकडं जावई आला. टाइमटेबल कापलं. आमच्याकडं वाटीभर रस्सा दिला. चवीला बरा हुता.

१० जून, सोमवार.
आकाराम गुरुजी पट नोंदवाया आलं. मी सांगितलं, पोर घरी शिकती. म्हणलं, "आजी, फुडल्या सोमवारी शाळंत आणा. इचारतो. येत असलं तर हे वरीस ऱ्हाऊ द्या घरी. न्हाईतर रोज शाळा." पोरीला किती भ्या वाटलं आसंल! तिला कुशीत घेऊन निजवलं. ती लगीच घोरली. भ्यानंच.

१६ जून.
दिवसभर पाढे. तेराच्या पाढ्यात मी मुद्दाम अडकले. तिनं फुडं सांगितलं. तिची परीक्षा हुती ती. सतराच्यातबी मुद्दाम अडकले.

१७ जून, सोमवार.
ओढ्याला गुडघाभर पाणी. अंजनानं माजा हात धरून मला पल्याड नेलं, म्हंजे मी तिला.
गुरुजींनी वाचाया लावलं, घडाघडा वाचलं. बेरीज घातली, केली. गुरुजी म्हणलं, "पास. न्या घरी." मला सोन्याचा दिवस! पोरीच्या तोंडावरनं हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, म्हणलं, चल बाय.
ती हलंना. गुरुजींस्नी म्हणली, "मला हितंच बसायचंय. पण आजी घरात एकटी लय भिती. तिलाबी बसू द्या की."
समदी पोरं हसली. गुरुजी न्हाई हसलं. म्हणलं, "बसा आजी, जागा हाय." मी म्हणलं, मला कशाचं भ्या? पोरगी कायबी बोलती. उठणारच हुते. पण बाहेर आभाळ भरल्यालं, ओढा वाढल्याला, आन घरात कोण हाय? पोरीचं मन मोडू नये म्हणून बसले.

१८ जून. शाळंतनं आल्यावर.
मला मागं भिताडाला पोतं दिलं. अंजना पयल्या ओळीत, नव्या मैत्रिणींत. दिवसभर एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई.
वाटलं हुतं, पयल्या दिवशी रडंल. न्हाई रडली.
मीबी फारशी न्हाई.