नकाशातली गोदावरी

कोल्हारजवळून, एप्रिल १९७३

प्रिय ताईस धाकटीचा सलाम.

मी बरी आहे. पाणी पुरतं, चहा मात्र एकदाच घेते. तुझे गुडघे कसे आहेत?

निवृत्तीनंतर इथल्या शाळेत महाराष्ट्राचा भूगोल फुकट शिकवतेय. कॉन्व्हेंटमध्ये आपल्याकडून थेम्स घोकून घेतली, इथली प्रवरा कुणी सांगितलीच नाही!

काल इन्स्पेक्टर येणार म्हणून मुलांनी अंगणात मातीचा नकाशा केला. हेडमास्तरांना त्यातल्या नद्यांत खरं पाणी हवं होतं. अशा दुष्काळात, तेही पोरांच्या पिण्याच्या हंड्यातलं! मी सगळा हंडा पोरांनाच पाजला.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "गोदावरी कोरडी कशी?"

माझ्या वर्गातली छबू म्हणाली, "आमी पिलो, सायेब."

आता हेडमास्तर मला काढणार म्हणे. फुकट शिकवणारीला काढून वाचवणार काय?

तुझी,
एस्तेर