गल्लीची यादी आरशासारखी

१२ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण संताप.
आमच्या सातपूरच्या गल्लीची मतदार यादी झेरॉक्स करून आणली आणि डोकं फिरलं. दत्तू वायरमनला जाऊन किती वर्षं झाली, यादीत मात्र ठणठणीत. समोरची मनाली लग्न करून मनमाडला गेली, तिचं पोरगं शाळेत जातं, इथं ती अजून बापाच्या घरात बसलेली. मेलेले मरत नाहीत आणि गेलेले जात नाहीत. कारखान्यात माझ्या लेथवर असा माल आला असता तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता.
संकल्प: महापालिकेच्या मतदानाच्या आत गल्लीची यादी आरशासारखी लख्ख. कुणाची भीड नाही.

१३ ऑक्टोबर
कुसाबाईला संकल्प सांगितला. म्हणाली, आधी माळा साफ करा. बायकोला सार्वजनिक काम सांगू नये.

१५ ऑक्टोबर
अंगणवाडीच्या ललिताबाईंना गाठलं. सरकारने यादीचं काम त्यांच्याच गळ्यात घातलंय, बीएलओ म्हणतात. चांगलं फैलावर घेतलं. बाई खिचडी वाटत होत्या. वाटता वाटता म्हणाल्या, काका, दत्तूभाऊंच्या मृत्यूचा दाखला आणून द्या, पुढचं मी बघते.
एवढंच ना? आणतो.

१६ ऑक्टोबर
दत्तूच्या बायकोकडे गेलो. बिचारीने चहा टाकला. मिक्सर बंद पडलाय म्हणाली, नेहमी हेच दुरुस्त करायचे, दुसऱ्याला उघडू द्यायला मन होत नाही. मग मीच उघडला. कार्बन झिजले होते. बाजारात जाऊन आणले, बसवले, चटणी वाटून दाखवली. तिच्या डोळ्याला पाणी आलं.
दाखला मागायचा राहिला. तसल्या वेळी मागतं का कुणी?

२० ऑक्टोबर
खरा रोग आज सापडला. गल्लीच्या टोकाची खोली. सोमा आणि फुलाबाई, सुरगाण्याकडचे. द्राक्षाच्या बागांत काम करतात. नावं इथल्या यादीत, अन् खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, भात कापायला गावाला गेलेत. म्हणजे एक पाय इकडं, एक तिकडं! दोन्हीकडं नाव असणार, दोन्हीकडं मत टाकणार. ह्याच लोकांनी देशाचं वाटोळं केलंय.
उद्यापासून दूध आणायला जाताना कुलूप ओढून बघणार. पुरावा पाहिजे.

२७ ऑक्टोबर
कुलूप रोज तसंच. आज तर जोरात ओढलं. शेजारीण म्हणाली, बाबा, तुटेल. म्हटलं, तुटू दे, लोकशाही तुटतेय ती दिसत नाही का?

३ नोव्हेंबर
निवडणूक ऑफिसात अर्ज दिला. मजकूर माझा, हस्ताक्षर माझं: "आमच्या गल्लीतील ज्या ज्या मतदारांचे नाव गावाकडे आहे, त्यांचे इथले नाव काढून टाकावे. कोणाचाही अपवाद करू नये." शेवटच्या वाक्याखाली लाल पेनाने दोन रेघा. कारकुनाने वर माझ्याकडे पाहिलं. दचकला असावा.

९ नोव्हेंबर
सायखेड्याहून धाकट्या भावाचा, धोंडीरामचा फोन. त्याची बायको ग्रामपंचायतीला उभी राहतेय. दादा, मतदानाला यायचं हं, आपल्या भावकीचं एकेक मत मोजून ठेवलंय. म्हटलं, येतो की. दर वेळेला जातोच.
सायखेड्याचं माझं नाव ही वेगळी गोष्ट आहे. तिथं आमचं मळ्यातलं घर आहे, आईबाप तिथंच गेले. त्याला दोन ठिकाणी नाव असणं म्हणत नाहीत. त्याला मूळ म्हणतात.

२१ नोव्हेंबर
ऑफिसातून पत्र! अमुक दिवशी सुनावणीला हजर राहावे. अर्थात. अर्ज वाचून साहेबांना वाटलं असणार, ह्या माणसाचा सल्ला घ्यावा. कुसाबाई म्हणाली, नीट वाचा तरी. म्हटलं, तू शर्टाला इस्त्री कर.

२८ नोव्हेंबर, दुपार
पेनाचं टोक मोडलं. रागाने.
सोमा-फुलाबाई तिथं आधीच बसलेले. त्यांनी सुरगाण्याचं नाव कधीच काढून घेतलंय. कागद सुतळीने बांधून आणले होते. साहेबांनी पाहिले, झालं म्हणाले, जा. मग माझ्याकडे वळले. "रावजी, तुमचं नाव सायखेड्यालाही आहे. तुमच्याच अर्जावरून तपासलं. इथं राहता याला साक्षीदार कोण?"
मी यादीवरून लोकांना धारेवर धरणारा माणूस, मला साक्षीदार!
मागून फुलाबाई उठली. "साहेब, बाबा हितंच राहतो. शेजारीण सांगते, रोज सकाळचं आमचं कुलूप ओढून बघतो."
सगळं ऑफिस हसलं. यादी घेऊन बसलेल्या ललिताबाईंनी पदर तोंडाला लावला. फुलाबाई तेवढी हसली नाही. तिला वाटलं, मी त्यांच्या घराची राखण करतो. जाताना म्हणाली, तुमच्यामुळं निवांत होतो बाबा.
साहेब म्हणाले, पंधरा डिसेंबरच्या आत सायखेड्याचं नाव काढायला सही द्या, इथलं राहील. नाही दिली तर तुमच्या अर्जाप्रमाणेच करावं लागेल.
म्हटलं, विचार करून सांगतो. हल्ली कुणी विचार करत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे.

२९ नोव्हेंबर
धोंडीराम फोनवर म्हणाला, "दादा, तू नाव काढलं तर भावकी काय म्हणंल? माझाच भाऊ फुटला?" एवढी पंचायतीची निवडणूक होऊ दे, मग काढ म्हणाला.

१४ डिसेंबर
उद्या शेवटचा दिवस. कुसाबाई सकाळपासून मागे लागलीय, सही करून या. म्हटलं, तीस वर्षं ह्या गल्लीत काढली, माझं नाव काढायची कुणाची हिंमत आहे? ऑफिसवाले मला ओळखतात.

१८ डिसेंबर
सायखेड्याला धोंडीरामची बायको बिनविरोध निवडून आली. मतदानच नाही. पेढ्यांचा फोटो पाठवलाय.

२ जानेवारी
शेवटची यादी लागली. अंगणवाडीच्या भिंतीवर. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
दत्तू आहे. मी नाही.
ललिताबाई म्हणाल्या, काका, नवीन मतदाराचा फॉर्म भरू, पण या निवडणुकीत नाव येणार नाही. नवीन मतदार! बहात्तराव्या वर्षी! फॉर्म फाडून टाकला. मग दुसरा मागून घेतला.

महापालिकेच्या मतदानाचा दिवस, संध्याकाळ
घरी बसलो असतो तर गल्लीने विचारलं असतं. म्हणून शाळेबाहेर खुर्ची टाकून लोकांना यादीतले नंबर काढून देत बसलो. शाईचं कुणी विचारू नये म्हणून बोटाला फडकं गुंडाळलं. विचारलं की सांगायचं, कांदा चिरताना लागलं. सगळ्यांचं पटलं.
दत्तूच्या बायकोचा नंबर काढून दिला. वर दत्तूचं नाव होतं. तिने त्याच्यावर बोट ठेवलं, क्षणभर. मी पुढच्याचा नंबर शोधायला घेतला.
मतदान करून सोमा आणि फुलाबाई बाहेर आले. सोमा पानटपरीकडे गेला. फुलाबाई उभी राहिली. माझ्या हाताकडं बघितलं, मग स्वतःच्या शाईकडं.
"बाबा, शाई डाव्या हाताला लावतेत."
मी उजव्याला बांधलं होतं.
इकडंतिकडं बघून तिने फडकं सोडलं आणि डाव्या बोटाला नीट बांधून दिलं. गाठ पक्की बसली. द्राक्षाच्या काड्या बांधायचा हात तो.