समोरून बाहेर

१४ ऑक्टोबर

ताई, नमस्कार.

माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल, तरी पत्र फाडू नकोस. तुझी पाठ कशी आहे? मशीनवर अजून तशीच वाकून शिवत बसतेस का? माझा गुडघा आता जिना नुसता दिसला तरी कुरकुरतो. काल संघटनेला कळवून टाकलं, थाळीफेक बंद. सोळा वर्षं झाली. आत्या म्हणायची, "हिला थाळ्या फेकायला परदेशातून बोलावणं येतं, घरात मात्र एक घासत नाही." माझ्या वाटच्या तू घासल्यास.

सामान आवरताना बाबांनी कारखान्यात लेथवर बनवलेली पहिली थाळी सापडली. एक किलोवर वीस ग्रॅम जास्तच भरते. कमी भरली तर पोरीला लबाडीची सवय लागेल, म्हणाले होते.

एक बातमीदार परवा पुन्हा तीन वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम फेरीबद्दल विचारत होता. शेवटची फेक, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. तिसरा नंबर नक्की होता. आणि मी वर्तुळाच्या पुढच्या बाजूने बाहेर पडले. फेकून झालं की मागच्या अर्ध्यातूनच बाहेर पडायचं, हे तर बाबांनी पहिल्याच दिवशी घोटून घेतलं होतं. पंचांनी लाल झेंडा वर केला, फेक बाद. सगळीकडे छापून आलं, आनंदात भान हरपलं. आनंद कसला, ताई. मला घरी निघायचं होतं आणि मैदानाचं दार समोर दिसत होतं.

किती आडवळणं घेतली तरी शेवटी इथेच यायचं होतं.

त्या दिवशी सकाळी मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "बाबा झोपलेत गं, औषधाची गुंगी आहे. तू नीट खेळ." तुझा आवाज जराही हलला नाही. पण त्याआधीच शेजारच्या कंपाउंडरकाकांचा निरोप आला होता, बाबा पहाटे गेले. मी तो वाचला, पुसून टाकला आणि मग तुला फोन लावला. तू खोटं बोलावंस म्हणूनच लावला. तू 'ये' म्हणाली असतीस तर मला यावं लागलं असतं.

घरी आल्यावर मात्र सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. "मला फसवलंस. कळलं असतं तर मैदानात पाऊलसुद्धा ठेवलं नसतं." तू माझी बॅग उचलून आत ठेवलीस. तेव्हापासून आत्या तुझ्या घरचं पाणी पीत नाही. तीन वर्षं मी ते बघत राहिले. मला लाज वाटते.

आज दुपारी आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता कुठल्या तोंडाने जाऊ मी तिच्याकडे?" मी म्हटलं, आधी माझं काय होतं ते बघू दे. बातमीदारालाही खरं तेच सांगणार आहे, पण तुझं उत्तर आल्यावर.

माफी मागत नाही. तू लगेच देशील आणि मी पुन्हा सुटेन. फक्त एक विचारते. शेवटी बाबांनी माझं नाव घेतलं होतं का? नसेल घेतलं, तर या वेळी खोटं बोलू नकोस.

तुझी धाकटी,
जिला सगळं ठाऊक होतं