पूर्वेच्या पाच कमानी

॥ श्री ॥
देवास, ६ जानेवारी २०२५

ती. सौ. जयवंतीताईस,
अरविंदचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू डबीतच ठेवतेस, तेव्हा पत्रच बरं. शिवाय पत्रात तुला माझं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

सोबत पुस्तक आहे. छापून आलं एकदाचं. कंपनीतली पाळी संपवून, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या माळ्यांवरचे जुने फोटो उतरवून, देवासची एकेक इमारत मी ओळखत गेलो. मला कुणी शिकवलं नाही. मी विसरलो तर कॉलेजातले लोक आठवण करून देतात. पण या पुस्तकात पुराव्याशिवाय एक ओळ नाही, हे त्यांच्यापैकी किती जणांना म्हणता येईल?

आधी पान एकेचाळीस उघड. भावोजींच्या आजोबांच्या पेटीतली जुन्या फोटोची जी काच, म्हणजे काचेची निगेटिव्ह, तू धारहून जपून पाठवलीस, तिचाच तो फोटो. पायऱ्यांवर बसलेल्या मुली, मध्ये भावोजींच्या आजी सावित्रीबाई मास्तरीण होऊन बसलेल्या, मागे पाच कमानी. देवासची मुलींची जुनी शाळा! ती नेमकी कुठे भरायची हे गावात कुणालाच सांगता येईना.

तुला आठवत असेल, आपल्या या रस्त्याची पश्चिम बाजू थोरल्या पातीच्या राज्यात आणि पूर्व बाजू धाकट्या पातीच्या. मध्ये रस्ता, दोन्हीकडे दोन राजे. एकाने पाच कमानी बांधल्या की समोरचा पाच बांधणारच, तो चार कशाला बांधेल! म्हणून समोरासमोर दोन सारख्याच इमारती उभ्या आहेत. पण फोटोत टेकडीचा उतार उजव्या हाताला दिसतो. टेकडी उत्तरेला. उत्तर उजवीकडे म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे शाळा पश्चिमेची. थोरल्या पातीची. विषय संपला.

याचा उपयोगही झाला. रस्ता रुंद व्हायचा आहे आणि कुठलीतरी एक बाजू पडणार होती. मी फोटो आणि नकाशा जोडून महापालिकेच्या ऑफिसात अर्ज दिला. साहेबांनी मान्य केलं की शाळा राखायची आणि समोरची, पूर्वेची रिकामी इमारत पाडायची. पश्चिमेच्या इमारतीत शालिग्रामचं फ्रेमचं दुकान आहे, तेही त्यात वाचलं. पुस्तकाबरोबर भरवलेल्या प्रदर्शनाचे सगळे फोटो त्यानेच मढवलेत. आता तो बाजारभर सांगत सुटलाय की अरविंद भियाने एक फोटू दिखा के मेरी दुकान बचा ली.

बाकी ठीक. गुडघे कुरकुरतात, पाळी बदलली की झोप बिघडते. थकलोय, पण काम पुरं झालं. भावोजींस नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
अरविंद

॥ श्री ॥
धार, १७ जानेवारी २०२५

चि. अरविंदास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. देव्हाऱ्यापुढे ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, मग उघडलं. इकडून तर दोन दिवस चहाबरोबर पुस्तकच घेणं चाललंय. नातू अक्षत वाचून दाखवायला बसला, पण त्याचं मराठी म्हणजे पावलापावलावर स्पीडब्रेकर. चौथ्या ओळीला म्हणाला की आजी, मैं हिंदी में बता देता हूं ना, मतलब तो वही है. मी म्हटलं, मामाला कळलं तर तुला पुस्तकात छापेल.

एक विचारू का? रागावू नकोस. पान एकेचाळीसवर आजेसासूबाईंची नथ उजव्या नाकपुडीत दिसते. पदरही उजव्या खांद्यावर. मी त्यांना शेवटची बारा वर्षं न्हाऊ-माखू घातलंय रे. त्यांचं नाक डावीकडे टोचलेलं होतं.

आणि आजेसासरे धारला येण्याआधी धाकट्या पातीच्या नोकरीत होते, हेही मी तुला सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालास की नोकरी नवऱ्याची, शाळा बायकोची, त्यांचा संबंध काय. मग आपलं माहेर थोरल्या पातीचं, म्हणून शाळाही थोरल्यांचीच हवी होती का तुला?

चेष्टा केली. गुडघ्यांना तिळाचं तेल लाव, आणि ताईला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
देवास, २५ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पुस्तकाची एवढी पानं, त्यात तुला नथ दिसली.

उत्तर देतो. पदराचं म्हणशील तर माळव्यात बायका सीधा पल्ला घेतात, तो उजव्याच खांद्यावरून पुढे येतो. मुली इथल्या, मास्तरणीने इथली रीत उचलली असेल. आणि नथ म्हणतेस ती नथ नाही. काच नव्वद वर्षं जुनी आहे, तिच्यावर मसाल्याचा, म्हणजे फोटोच्या रसायनाचा, टिपका उडालाय. असे टिपके मी शेकड्याने पाहिलेत. फोटो वाचणं वेगळं आणि फोटो बघणं वेगळं, ताई. आणि पातीचा टोमणा लागला, तो परत घे. टेकडीला माहेर-सासर नसतं.

रागावलो नाही. पण गावातला जो तो मला तपासायला बसलाय, त्यात आता घरचीही भर.

भावोजींना नमस्कार. माझा राग पत्राबाहेर ठेव, लोभ आत घे.

अरविंद

॥ श्री ॥
धार, २ फेब्रुवारी २०२५

चि. अरविंदास,
अनेक आशीर्वाद.

आजेसासूबाई साताऱ्याच्या. माळव्यात सत्तर वर्षं राहिल्या, पण पोहे इथले आणि नेसणं तिथलं, यात त्यांनी बदल केला नाही. सीधा पल्ला घेतलेल्या सुनेला त्या विचारायच्या की बाई, पदर पुढून घेतलास, पाठ काय उघडी ठेवायचीय? त्या स्वतः तसा घेतील, हे तू मला सांगू नकोस.

तुझा टिपका असेलही. पण तो नेमका नथीएवढा, नाकाच्या उंचीवर आणि नाकाच्याच चुकीच्या बाजूला उडाला, याचं मला नवल वाटतं.

मला वाद घालायचा नाही. पण त्या बाईने घरादाराचा विरोध पत्करून त्या शाळेत शिकवलं. मरेपर्यंत त्या शाळेबद्दल बोलायच्या. आता तिच्या कमानी पाडायच्या आणि समोरच्या राखायच्या, असं तर होत नाही ना? एवढं एकदा बघ. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी बघ.

स्वतःला जप. लोभ आहेच, तो काय पत्रात लिहायचा.

ताई

॥ श्री ॥
देवास, ९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नथच आहे. डावीकडची.

काच परत काढली. मी घरी एक उजेडाची पेटी केलीय, कंपनीतल्या टाकाऊ दुधी प्लॅस्टिकच्या पत्र्याची, खाली दिवे. तिच्यावर काच ठेवून वरून कॅमेऱ्याने फोटो घेतो. काचेच्या एका अंगाला मसाला असतो, त्याच्यावरच चित्र. तो पेटीवर घासून ओरखडा पडू नये म्हणून मी ते अंग वर ठेवलं. खरं तर ते खाली हवं. वर ठेवलं की सगळं उलटं येतं, आरशात दिसतं तसं. बाकीच्या काचांवर दुकानांच्या पाट्या होत्या, अक्षरं उलटी दिसताच मी त्या पालटल्या. या एकीवर अक्षर नव्हतं. जपायला गेलो आणि तिथेच घसरलो.

फोटो सरळ केला की टेकडी डावीकडे जाते. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला. शाळा पूर्वेची, धाकट्या पातीची. म्हणजे जी पाडायचं माझ्या अर्जावरून ठरलं, तीच.

आता माझी अडचण ऐक. पूर्वेच्या इमारतीत आज पारव्यांशिवाय कुणी नाही. पश्चिमेला शालिग्राम आहे. खरं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, तर त्याचं दुकान जाईल. चौकातून हललेला फ्रेमवाला परत उभा राहत नाही, हे मला कळतं. नाही सांगितलं तर सावित्रीबाईंची शाळा माझ्या सहीने पडेल आणि माझ्या पुस्तकात खोटं राहील. माझ्याजवळ दुसरं काय आहे, ताई? पदवी नाही, पद नाही. याचं खरं असतं, एवढंच लोक म्हणायचे.

तू काय म्हणतेस ते कळव. लवकर कळव.

अरविंद

॥ श्री ॥
धार, १४ फेब्रुवारी २०२५

चि. अरविंदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मीच तुला यात लोटलं.

ऐक. आजेसासूबाई गेल्या, त्या मुलीही गेल्या असतील. शालिग्राम सकाळी दुकान उघडतो. भिंतींसाठी माणसाच्या पोटावर पाय देऊ नये. इकडूनही हेच म्हणणं पडलं, आणि आमचं दोघांचं एका गोष्टीवर जमलं असं क्वचित होतं. पुस्तकाचं नंतर बघ, पुढच्या आवृत्तीत सुधार. अर्जाला हात लावू नकोस. मी जे लिहिलं ते सगळं मागे घेते, नथीसकट.

तू मात्र ऐकशील असं वाटत नाही. लहानपणी घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे म्हणून शेजाऱ्यांच्या घरात शिरून लावणारा तू.

धारला ये थोडे दिवस. खूप दमलायस.

ताई

॥ श्री ॥
देवास, ११ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, हात उचलत नव्हता.

तुझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच मी ऑफिसात जाऊन आलो होतो. त्याच्याही आधी शालिग्रामकडे गेलो. म्हटलं, पाठीमागून नको. दोन्ही फोटो त्याच्या टेबलावर ठेवले, उलटा आणि सरळ. तो आधी हसला, त्याला वाटलं भिया गंमत करतायत. मग काच कापायचा हिरा खाली ठेवून म्हणाला की भिया, फोटू तो कागज है, पलटा दो तो पलट गया, मैं दुकान कैसे पलटाऊं? मी म्हटलं, मला जावंच लागेल. तो म्हणाला की जाओ, आपको किसने रोका, आप तो सच्चे आदमी हो. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ऑफिसात साहेबांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले की पहली बार आपने जो कहा वो हमने माना, अब आप ही नहीं मान रहे. नकाशे मंजूर झालेत, रेषा आता हलत नाही. शिवाय दोन्हीकडे पाचच कमानी आहेत, देखने वाले को क्या फर्क पड़ता है. परत दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी खुर्ची मिळाली नाही. माझा अभ्यास त्यांना एकदाच पटला, जेव्हा तो त्यांच्या सोयीचा होता.

रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक होऊन गेली आणि पुढच्या आठवड्यात पूर्वेची इमारत पाडली. मी रजा घेऊन उभा होतो. आतल्या खोलीच्या भिंतीत खुंट्यांची एक लांब ओळ निघाली, माझ्या कमरेच्या उंचीवर. मोठ्या माणसासाठी कुणी इतक्या खाली खुंट्या ठोकत नाही. मुलींची दप्तरं. दुपारपर्यंत तीही भिंत गेली. फोटो काढले आहेत, या वेळी रस्त्याची पाटी चौकटीत घेऊन.

शिल्लक प्रतींमध्ये पान एकेचाळीसवर मी चिठ्ठी चिकटवतोय. तिच्यावर छापलंय: हे छायाचित्र उलटे आहे. शाळा रस्त्याच्या पूर्वेस होती. चूक लेखकाची. कॉलेजातल्या एकाने फोन करून अभिनंदन केलं. कशाचं ते मी विचारलं नाही.

पश्चिमेच्या इमारतीवर आता निळी पाटी लागलीय, ऐतिहासिक कन्या शाला. मुलंमुली तिच्याखाली सेल्फी काढतात. शालिग्राम त्यांना माझा उलटा फोटो दाखवून सांगतो की यहीं बैठती थीं सब लड़कियां. काल मी समोरून जात होतो. त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तो बोलता बोलता थांबला. मग गिऱ्हाइकाला म्हणाला की बाकी ये साहब से पूछ लो. इतक्या वर्षांत त्याने मला साहब म्हटलं नव्हतं. मी पुढे निघालो. त्याचं दुकान आहे, चालू दे.

सरळ फोटो मोठा करून दुसरीकडून मढवून घेतलाय. इंदूरमार्गे येणाऱ्या बसने पाठवतो, अक्षतला स्टँडवर पाठव. तुमच्याच घरी लाव. तिथे निदान सावित्रीबाईंची नथ कुठल्या बाजूला होती हे ठाऊक असलेलं एक माणूस आहे.

गावातला लोभ आता ओसरला. तुझा तेवढा असू दे.

तुझा,
अरविंद